कंपवाताच्या रुग्णाला गोळी त्याच्या घड्याळाने द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ एप्रिलच्या पार्किन्सन (म्हणजे कंपवात) दिनानिमित्त आपल्या अंकात मेंदूत बसवायच्या पेसमेकरवर पूर्ण पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि कापून ठेवलं. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली कंप थांबवण्यासाठी मेंदूच्या आतल्या भागाला सतत विजेचे बारीक ठोके देण्याची पद्धत सुरू केली, तिथपासूनची सगळी हकिगत त्यात होती. पण ती शस्त्रक्रिया करून घेणारे रुग्ण थोडे. बाकीच्यांचं चालणं, बोलणं, गिळणं गोळीवर आणि ती गोळी वेळेवर मिळण्यावर अवलंबून असतं. मला त्या वेळेबद्दल लिहायचं आहे.

मी ३३ वर्षं सरकारी रुग्णालयांत नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. यजमान शिंपी. साताऱ्यात आमचं छोटं दुकान होतं, त्यांच्या हातचा शर्ट लोक दहा-दहा वर्षं वापरत. आजार आधी दुकानातच दिसला, फक्त आम्हाला तो ओळखता आला नाही. इस्त्रीखाली टेरिकॉटचा कपडा करपायला लागला की मला आतल्या खोलीत वास यायचा, ते मात्र समोर उभे असून त्यांना पत्ता नसायचा. मग काजाचे टाके एकमेकांवर चढायला लागले. शेवटी मापाची वही. जुन्या पानांवर 'छाती ४०, खांदा १८, बाही २४' असं ठसठशीत अक्षर. २०११ च्या वहीत ओळीची सुरुवात नेहमीची, पण बाहीपर्यंत येताना अक्षर मुंगीएवढं व्हायचं आणि शिरोरेघ खाली घसरत जायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वास जाणं आणि अक्षर बारीक होत जाणं ही दोन्ही पार्किन्सनची जुनी, माहितीतली लक्षणं आहेत. इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या मला ती ओळखता आली नाहीत, याचं आजही वाईट वाटतं. आमच्या डोक्यात कंपवात म्हणजे थरथरणारा हात एवढंच होतं. यांचा हात थरथरत नव्हता, तो मंद झाला होता.

हालचालीचा हुकूम सुरळीत सुटायला मेंदूत डोपामीन नावाचं द्रव्य लागतं. ते तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि आजार बाहेर दिसेपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. गोळीतलं लेव्होडोपा मेंदूत पोहोचून त्याचं डोपामीन होतं. सुरुवातीची काही वर्षं दिवसाला तीन गोळ्या पुरतात, तासभर मागेपुढे झालं तरी चालतं, कारण उरलेल्या पेशी थोडासा साठा करून ठेवतात. पुढे त्या पेशीही जातात, मग साठा कसला? गोळी चढते तशी उतरते. रुग्ण आणि घरचे त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. आमच्याकडे गोळीच्या वेळा आहेत सकाळी सहा, साडेनऊ, दुपारी एक, साडेचार आणि रात्री आठ. डाळ-उसळीतली, दुधातली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. साडेनऊची गोळी दहाला दिली तर सव्वादहाला यांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही. आणि यांनी आयुष्यभर बटणंच लावली.

ऑगस्ट २०२३ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनसाठी यांना एका मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. नाव लिहीत नाही. ही गोष्ट त्या एकाच रुग्णालयाची असती तर मी पत्रच लिहिलं नसतं.

दाखल करताना नियमाप्रमाणे घरची औषधं जमा करून घेतली. औषधांच्या तक्त्यावर आमच्या पाच वेळांच्या जागी 'टीडीएस' आलं, म्हणजे दिवसातून तीनदा, आणि वॉर्डाच्या वेळा आठ, दोन, आठ. मी सांगितलं. इनचार्ज सिस्टर चांगल्या होत्या, "काकू, काळजी करू नका, गोळी चुकणार नाही," म्हणाल्या. ऑपरेशनपर्यंत गोळी खरंच चुकली नाही, वेळ चुकली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी ठेवायचं होतं, त्यामुळे सहाची आणि साडेनऊची गोळी गेलीच. दुपारी रिकव्हरी वॉर्डात यांना मळमळलं. तक्त्यावर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन लिहिलेलं होतं, ते दिलं. रात्री पुन्हा उलटी झाली, पुन्हा दिलं. मला आत सोडत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले तेव्हा हे उताणे होते, डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर ओघळत होती. मी मनगट धरून हात कोपरात वाकवून पाहिला. तो सरळ वाकला नाही, खटक-खटक करत थोडा थोडा वाकला, शिलाई मशीनचं चाक दोऱ्यात अडकून फिरावं तसा. "ऐकू येतंय का?" म्हटलं, तर डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. त्यांना सगळं कळत होतं.

पक्षाघाताचा झटका आला असेल म्हणून सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही. दुपारी न्यूरॉलॉजिस्ट आले. त्यांनी तक्ता पाहिला, इंजेक्शनवर काट मारली, नाकातल्या नळीतून गोळ्या आमच्या वेळांनी सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी यांनी चहाचा कप स्वतः धरला. घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत यायला मात्र पाच आठवडे लागले.

मेटोक्लोप्रमाइड मेंदूत जाऊन डोपामीनचं काम अडवतं. रात्री बरळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉल तेच करतं. चक्कर आली की सर्रास लिहून दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन तेच करते. उलटीवर आणि चक्करेवर दुसरी औषधं उपलब्ध आहेत, फक्त लिहिताना पार्किन्सन हा शब्द डोळ्यांसमोर असायला हवा. आणि लेव्होडोपा एकदम बंद केलं तर प्रचंड ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं. गिळणं मंदावलं की घास श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो, तो धोका वेगळाच.

हे ज्ञान नवीन असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ही गोष्ट आपल्या मुंबईपासून सुरू होते. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष या वनस्पतीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं गेलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंदावतात, चेहरा निर्विकार होतो, हे डॉक्टरांना दिसायला लागलं. मग १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचलं. ससे निपचित पडले, कानसुद्धा लुळे. त्यांना डोपा, म्हणजे शरीरात ज्याचं डोपामीन होतं ते द्रव्य, दिल्यावर ते थोड्याच वेळात उठून हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नात हॉर्निकेविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, त्यांत डोपामीन खूपच कमी निघालं. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपा भरपूर मात्रेत तोंडाने देऊन रुग्ण चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे डोपामीनची वाट अडवली की जिवंत प्राणी जागच्या जागी थिजतो, हे कळून साठ वर्षं उलटल्यावर माझा नवरा वॉर्डात तसाच थिजला.

आजार दुर्मिळ आहे म्हणावं, तर तसंही नाही. मुंबईतल्याच डॉक्टरांनी पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० लोकांची पाहणी केली होती, ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४६ जणांना पार्किन्सन निघाला, म्हणजे साधारण तीनशेत एक. त्या समाजात वयस्कर मंडळी जास्त आहेत हे खरं. पण आता आपल्या घराघरांत कोण आहे? सर्जरीच्या, हाडांच्या, डोळ्यांच्या प्रत्येक वॉर्डात कधी ना कधी असा रुग्ण येणारच.

सिस्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. चाळीस खाटांमागे रात्रपाळीला दोघी असल्या की औषधांची ट्रॉली एकदाच फिरते, हे मी स्वतः केलं आहे. पुरुष मेडिकल वॉर्डात असताना एक वृद्ध बाबा पहाटे पाचला खाटेवरून हाक मारायचे, "सिस्टर, माझी गोळी द्या." मी रोज सांगायचे, "बाबा, आठला वाटते, तेव्हा मिळेल." नाश्ता आला की त्यांच्या हातातून पाव खाली पडायचा. सकाळी अंग सोडवायला वेळ लागतो, अशी मीच माझी समजूत घातली होती. ते पाच वाजता गोळी का मागत होते, हे कळायला मला यांचं आजारपण यावं लागलं. त्या बाबांची माफी मागायची राहिली.

इन्सुलिनची वेळ आम्ही कधी चुकवत नाही, कारण चुकलं तर काय होतं ते शिकताना मनावर ठसवलेलं असतं. लेव्होडोपालाही तसंच जपायला हवं. केस पेपरच्या पहिल्या पानावर, ॲलर्जी लिहितात त्या चौकटीतच, 'पार्किन्सन' हा शब्द आणि रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा लाल शाईने लिहाव्यात. न चालणाऱ्या औषधांची नावंही तिथेच. रुग्ण किंवा सोबतचं माणूस गोळ्या सांभाळू शकत असेल तर डबी त्यांच्याकडेच राहू द्यावी आणि सिस्टरने फक्त नोंद करावी. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं असलं तरी पुष्कळदा दोन घोट पाण्याबरोबर गोळी देता येते. भूलतज्ज्ञांनी आणि न्यूरॉलॉजिस्टनी आदल्या दिवशी एकमेकांना फोन करून ते ठरवावं. याला नवं यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. आरोग्य विभागाने एक परिपत्रक काढलं आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींना एक तास नीट शिकवलं, तरी सुरुवात होईल.

आणखी एक. वॉर्डातल्या मामांना, मावशींना कुणीतरी सांगायला हवं की असा रुग्ण दारात थबकला तर त्याला हाताला धरून ओढू नये. पाय जमिनीला चिकटलेले असतात, वरचं अंग पुढे येतं आणि माणूस तोंडावर पडतो. सपाट जमिनीवर अडणारा हाच रुग्ण पुष्कळदा जिना चढून जातो, कारण पायरी डोळ्यांना दिसते. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांना असंच जिना उतरताना पाहिलं आणि सपाट फरशीवर जिन्याचा भास होईल असं चित्र तयार केलं. त्यावरून काका न अडखळता चालले. आमच्या घरी न्हाणीघराच्या दारापासून खाटेपर्यंत मी यांच्याच दुकानातल्या मार्किंगच्या खडूने वीतभर अंतराने आडव्या रेघा ओढल्या आहेत. एकेक रेघ ओलांडत हे येतात. फरशी पुसली की रेघा पुन्हा काढायच्या, रोजचं काम आहे.

पुढच्या महिन्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना द्यायचा कागद मी टाईप करून घेणार होते. हे म्हणाले, "थांब, मी लिहितो." साडेदहाला, गोळी चढल्यावर, नातवाची चार रेघी वही घेऊन टेबलाशी बसले. रेघ दिसली की अक्षर आवळत नाही. पाच ओळींना वीस मिनिटं लागली. सकाळी ६, ९.३०, दुपारी १, ४.३०, रात्री ८. शेवटचा आठ पहिल्या सहाएवढाच मोठा आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)