रामबागेतल्या काकूंना, जाहीर थँक्यू

काकू, नमस्कार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल फोर-एल फाइव्ह) डिस्क सरकली आणि डावा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत जळायला लागला, इथपर्यंत मला कळत होतं. पण नंतरच्या एमआरआयमध्ये बाहेर आलेला भाग बराच आटलेला, सर्जन म्हणाले ऑपरेशन नको, आणि पायाला चादरीचा काठ लागला तरी चटका! घरात हळूहळू सूर निघाला की हिच्या मनातच आहे.

तुम्ही रिटायर झालात पण शिकवायची खोड काही गेली नाही (कौतुकानेच म्हणतेय हं), वहीच्या मागच्या पानावर आख्खा मणका काढलात. मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, म्हणजे माझी डिस्क त्याला शिवतही नाही, ती खाली उतरणाऱ्या नसेच्या मुळाला लागते, आणि नुसती दाबत नाही तर आतला गर बाहेर आला की टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं सुटतात नि नस चिडते. मग ही चिडलेली नस वर मज्जारज्जूत ग्लुटामेट, म्हणजे दुखण्याचा निरोप पुढे नेणारं रसायन, सोडत राहते, तो निरोप घेणारं तिथलं दार, म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, त्यात अडकलेलं मॅग्नेशियम बाजूला होतं, कॅल्शियम आत शिरतं, मायक्रोग्लिया नावाच्या तिथल्या राखणदार पेशी खवळतात आणि दुखणं आवरून धरणाऱ्या गाबा या रसायनाचा जोर कमी पडतो. घरात एकदा चोरी झाली की पुढे मांजर फिरलं तरी सगळे उठून बसतात ना, तसं. क्लिफर्ड वुल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने 1983 मध्ये उंदरांवर हेच दाखवलं, इजा पायाला पण बदल मज्जारज्जूत, हे ऐकून मला रडूच आलं.

मला दिलेली प्रीगॅबालिन ही गोळी साधी पेनकिलर नाही, ती नसेतून ग्लुटामेट सुटणंच कमी करते, म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नकोस, हेही तुम्हीच दटावलंत. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे तर पाठच करून घेतलंत.

पण सगळ्यात मोठं काम म्हणजे ह्यांना समोर बसवून तीच वही परत समजावलीत. तेव्हापासून घरात "मनाचे खेळ" बंद! दुखतं अजून, संध्याकाळी जास्त, पण घाबरून पडून राहत नाही, गल्लीत चालून येते. रविवारी पोहे घेऊन येतेय, वरून घालायचा जिरावण मसाला वेगळा बांधून आणते, काकांना तिखट चालत नाही ना.