शेटांच्या कामाच्या खोल्यांत हाताची प्रेस येऊ दे

संपादक महोदय,

गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगावला छोट्या खोलीत बसून दागिने घडवणारे शेट, म्हणजे सोनार, अजून आहेत, पण हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबाने पत्रा दाबायचं यंत्र) म्हटलं की त्यांना वाटतं ही फॅक्टरीची मशीन, आपल्याला काय उपयोग. तसं अजिबात नाहीये. जाड लोखंडी फ्रेममध्ये गाडी उचलायचा २० टनी बॉटल जॅक बसवला की झाली प्रेस, दांडा हातानेच मारायचा, त्यामुळे पावसात लाईट गेली तरी काम चालूच. चांदीचा पत्रा आधी तापवून मऊ करायचा, डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, वर युरेथेनचा रबर आणि दाब द्यायचा, कानातल्याच्या जोडीचे दोन्ही फुगीर भाग अगदी एकसारखे निघतात, हातोडीचा एक डाग नाही! फक्त तडा गेलेली डाय वापरूच नका, तुकडा गोळीसारखा उडतो, समोर जाड पॉलिकार्बोनेटची (न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची) शील्ड आणि डोळ्यांना चष्मा पाहिजेच पाहिजे. बारीक तारकाम, जडाव मात्र हाताचंच, ते प्रेसने होत नाही.

२०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सोनारांना टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, मग गोव्यातल्या ट्रेनिंगमध्ये ही प्रेस पोरांना स्वतः चालवायला द्या ना.

एक वाचक, फोंडा