तुझ्या तिकडं आपलं पाखरू जन्मलंय

सोलापूर,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय श्रीशैल,

काय बे, फोनवर बोलायला तुला वेळ नाही आणि जैसलमेरच्या वाळूत उभं राहून काढलेले फोटो मात्र रोज टाकतोस. म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलोय. लांबणार आहे, राणीच्या बागेतून माळढोकाच्या पिल्लापर्यंत पोचायचंय. जेवून-बिवून निवांत वाच.

सुट्टीत मुंबईला जाऊन आलो. ईश्वरीनं वर्षभर एकच धोशा लावला होता, राणीची बाग. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलो, मेहुण्याकडं उतरलो. त्याचा आग्रह बुधवारीच जायचा, आणि बुधवारी बाग बंद असते! मुंबईत राहून त्याला ते ठाऊक नाही आणि सोलापूरच्या माणसाला ठाऊक, यावर तुझी वैशाली वहिनी दोन दिवस त्याला चिडवत होती.

बाग जुनी आहे, १८६१ पासूनची. आत शिरलं की आधी झाडंच अंगावर येतात. एकेका गोरखचिंचेचा बुंधा असा की आम्ही तिघांनी हात धरले तरी कवेत येईना. पण पोरीला झाडांशी देणंघेणं नव्हतं. ती सुटली ती थेट पेंग्विनकडं.

आता मला सांग, मी दिवसभर गाई-म्हशींच्या मागं फिरणारा माणूस. गाय माजावर आली की कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, भरायची, दोन-तीन महिन्यांनी हात घालून गाभण आहे का बघायचं, अडलेलं वासरू ओढायचं, वार पडली का विचारायचं. त्यामुळं लोक काचेला नाक लावून 'सो क्यूट' म्हणत होते आणि मी बघत होतो की कोण कोणाच्या जोडीला आहे, पिल्लं कुठली, अंगावर कोण धरलंय. वैशाली म्हणाली, इथं तरी दवाखाना बंद ठेवा. कसा ठेवणार?

हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. बर्फातले नव्हेत बरं का. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. म्हणून त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात, तेवढी थंडी त्यांना पुरते. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियाहून आठ पक्षी आणले होते, त्यातली एक मादी काही महिन्यांतच गेली. मग २०१८ च्या १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. तारीख अशी, की गाजावाजा होणारच. सगळ्या पेपरात फोटो. आणि आठवडाभरातच ते मेलं. पोटातला बलक जिरलाच नव्हता, यकृतही नीट चालत नव्हतं. कोंबडीच्या पिल्लांत आपल्याकडं हे कायम दिसतं. वरून पिल्लू गुटगुटीत, आत बलक तसाच, चौथ्या-पाचव्या दिवशी मान टाकतं. त्यात सांभाळणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. पण ते फोटो बघून ज्यांनी पेढे वाटले त्यांना हे कोण सांगणार?

पुढचं मला जास्त आवडलं. २०२१ मध्ये दोन पिल्लं झाली, मे महिन्यात ओरिओ आणि ऑगस्टमध्ये ऑस्कर. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला करिश्मा वाघिणीला बछडी झाली, वीरा. यातल्या ऑस्कर आणि वीराची बातमी बाहेर कधी फुटली? थेट २०२२ च्या जानेवारीत! तोवर सगळं गुलदस्त्यात. ते २०१८ च्या अनुभवामुळंच असणार, असं मला वाटतं. आपल्याकडं म्हाताऱ्या बायका म्हशीचं वेत पार पडेपर्यंत शेजारणीलाही सांगत नाहीत, तेच शहाणपण.

पेंग्विनमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. रक्त काढून डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणजे बारसं आधी आणि पोरगं की पोरगी ते नंतर! अंड्यावर दोघंही आळीपाळीनं बसतात, चाळीसेक दिवस. पिल्लाला दोघंही अर्धवट पचलेला मासा ओकून भरवतात. आम्ही होतो तेव्हा एक पेंग्विन दुसऱ्याची मान चोचीनं साफ करत होता, अगदी बारीक, पिसाच्या मुळापासून टोकापर्यंत, पुन्हा मुळापासून. दुसरा डोळे मिटून. मधेच तिसरा आला, तर साफ करणाऱ्यानं न वळताच त्याला असा काही टोला हाणला की पोरं खिदळली. ईश्वरी तिथून हलेना.

२०२५ मध्ये आणखी तीन पिल्लं झाली आणि नावं ठेवली नॉडी, टॉम, पिंगू. त्यावरून मराठी नावं ठेवा म्हणून आंदोलनही झालं. ईश्वरीला विचारलं तर म्हणाली, सिद्धू, रेवण आणि पिंकी. पिंकी कशी काय मराठी, हे विचारायचं राहून गेलं.

वाघांचं निराळं. करिश्मा आणि तिचा जोडीदार शक्ती, दोघंही २०२० च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून मुंबईला आले. बदल्यात मुंबईहून चितळं आणि चित्रबलाक गेले. म्हणजे बैलबाजारातली अदलाबदलच, फक्त मधे दलाल नाही, केंद्राची परवानगी असते. तुला वाटेल वाघासारखं जनावर कोण सोडतंय. अरे, त्या सिद्धार्थ उद्यानात समृद्धी नावाच्या वाघिणीनं २०२० च्या नाताळादिवशी एका झटक्यात पाच बछडे दिले! त्याच्या आदल्या वर्षी चार. पिंजऱ्यात पोटभर मटण मिळालं की वाघीण मांजरीसारखी विते. गाभणकाळ जेमतेम साडेतीन महिने. अडचण जन्माची नसतेच, जागेची असते, आणि नात्याची. सगळी भावंडं, त्यांची जोडी लावणार कशी? म्हणून वंशावळीची नोंद ठेवतात, कोण कोणाचं, कुठून आलं. मी वळूचा नंबर कार्डावर लिहितो तेव्हा गावात लोक हसतात, "कांडी ती कांडी, नंबर कशाला?" त्याच वळूची कांडी त्याच्याच कालवडीला पडली की मग समजतं कशाला ते.

तेव्हा वाघाच्या बछड्याची बातमी वाचून मी आता फार हरखत नाही. बघायला गोड असतं, गर्दी होते, ठीक आहे. खरी बाळंतपणाची बातमी वेगळीच आहे आणि ती तुझ्या उशाला घडलीय. तू मात्र उंटाचे फोटो टाकत बसलायस.

माळढोक रे! तुला आठवतो तो नान्नजचा नर? पावसाळ्याच्या सुरुवातीला मचाणात घामाघूम होऊन बसलो होतो आणि तू डबा उघडून शेंगाचटणीचा वास सोडला होतास. समोर कुसळी गवतात तो उभा, मीटरभर उंच. शेपूट पाठीवर उलटी मुडपलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून पार गुडघ्यापर्यंत लोंबलेली, आणि तो 'हूंम्म' आवाज. कानाला नाही, छातीला ऐकू यायचा. मादी आली नव्हती. तो तरी घुमतच होता.

१९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं तेव्हा त्याचा पसारा आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर होता. लोकांची शेतं, गावं, सगळंच आत. पुढं ते कापून बाराशेवर आणलं. आता भोवती ऊस आणि द्राक्षं. नान्नजच्या द्राक्षांना नाव ठेवायची माझी हिंमत नाही, पेटी घरी येते आणि आपण खातोच. पण माळढोकाला हवा उघडा माळ. मधल्या काळात त्या गवतातही झाडं लावली होती आपल्या लोकांनी, गिरीपुष्प. नंतर काढावी लागली. हल्ली दिसलाच तर एखादाच पक्षी, तोही नशिबात असेल तर.

आणि तुझ्या जैसलमेरला २०२४ च्या १६ ऑक्टोबरला एक पिल्लू जन्मलं. कृत्रिम रेतनातून! माळढोकाचं कृत्रिम रेतन. वाचलं तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो. कारण हे काम मी रोज करतो. माझ्याकडं नळकांडं, त्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन, कांडी बाहेर काढून ३७ अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट, मग सरळ गाईला. चुकलं तर एकवीस दिवसांनी गाय परत माजावर येते, शेतकरी चार शिव्या देतो, परत भरायची. उन्हाळ्यात आपल्या इथल्या संकरित गाई गाभ धरतच नाहीत, तरी कोणी जीव देत नाही. तिथं? रानातली मादी वर्षाला एकच अंडं देते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्यावर हात चालवायचा.

त्यांनी काय केलं बघ. रामदेवराच्या माळढोक पैदास केंद्रात सुदा नावाचा नर. खोटी मादी पुढं ठेवून त्याला कित्येक महिने सवय लावली. त्याचं वीर्य गोळा करून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर सुदासरीच्या केंद्रात नेलं आणि टोनी नावाच्या मादीला दिलं. २० सप्टेंबरला रेतन, २४ ला अंडं, आणि पुढं तीन आठवड्यांनी पिल्लू. अबूधाबीवाल्यांनी हेच माळढोकाच्याच कुळातल्या होऊबारा पक्ष्यावर बसवलं होतं, त्यांच्याकडून आपल्या भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं शिकून आली. माझ्या कामाचा असा थाट होऊ शकतो हे मला पन्नाशीला टेकल्यावर समजतंय! दवाखान्यात आमच्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं, नान्नजच्या त्या गाईचं काय झालं?"

आता तुझ्या विजेच्या तारांचं. चिडू नकोस. तू मागं फोनवर म्हणालास की वीज सगळ्यांना हवी आणि पक्ष्यामुळं प्रकल्प अडतात. वीज हवीच, आपल्याकडचं भारनियमन मी विसरलेलो नाही. पण माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला, समोरची तार त्याला दिसतच नाही, आणि दिसली तरी पंधरा किलोचं धूड ऐनवेळी वळणार कसं? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हटलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समितीकडं दिला. कोर्टाचं कोर्ट बघेल. मला तुझ्याकडून एवढंच हवंय: तुमच्या लाइनवर, पक्ष्यांना तार दिसावी म्हणून असतात त्या फिरत्या चकत्या लावल्यात का? आणि लावल्या असतील तर अजून फिरतायत का? मी ऐकलंय, काही ठिकाणी गळून पडतात. बघून खरं काय ते सांग.

केंद्रात आत कुणाला सोडत नसणारच आणि सोडूही नये. पण सुदासरीच्या बाजूला तुझी गाडी जातेच, तर कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर बसून तिथल्या एखाद्या माणसाशी बोल. मला जाणून घ्यायचंय, हातावर वाढवलेल्या पिल्लांना माणसाची भीती कशी शिकवतात. खिलार कालवड बाटलीवर वाढवली की ती जन्मभर माणसाच्या मागं फिरते, हे आपण पाहिलंय. ही पिल्लं पुढं रानात सोडायची आहेत म्हणतात. कधी, कुठं, आपल्या माळाचा विचार आहे का, तेही काढ. नान्नजला गवत अजून आहे, एवढं तुझ्या वतीनं मी सांगून टाकतो.

अव्वांकडं परवा जाऊन आलो. गुडघा बरा आहे, चष्मा बदललाय. तू गड्ड्याच्या जत्रेला येणार का हे त्यांनी मला विचारलं, म्हणजे तुला विचारायचं धाडस होत नाही. रजेचा अर्ज आत्ताच टाक. कडक भाकरी आणि चटणी कुरियरनं पाठवतोय, पाकीट फुटलं तर मला दोष देऊ नकोस. येताना उंटिणीच्या दुधाची पावडर मिळाली तर घेऊन ये, कुमठ्याचा एक जण सारखा विचारतोय आणि मला कुतूहल आहेच.

उत्तर कागदावर लिही. फोटो नको.

तुझा,
मल्लू