झोपाळा, नऊ फूट आणि नेनेकाकूंचा ओटा

दांडिया बाजार, वडोदरा
बुधवार, रात्री

प्रिय शमी,

चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. काय शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील. घरी सगळं ठीक. आईचा गुडघा तसाच, मला नेहमीची सर्दी. लिहायला बसले कारण रविवारी मिस्त्री येतोय, माजघरातला झोपाळा काढायला. आणि हे बाबांच्या डोक्यात मी घातलंय. म्हणजे मी नाही, माझ्या एका शीटने.

झालं असं, की असाइनमेंट होती: स्वतःच्या घरातली एक खोली मोजा, प्लॅन काढा, बदल सुचवा आणि वन-पॉइंट पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या सगळ्या रेषा एकाच बिंदूत मिळतील अशा चित्रात, दाखवा. आमचं माजघर दहा बाय चौदा. १:५० च्या स्केलला ते कागदावर जेमतेम सहा बाय साडेआठ सेंटिमीटर, आणि मधोमध झोपाळा. फळी चारच फुटांची, पण झोक्याची जागा धरली तर स्वयंपाकघरात जायला तीन फुटांची वाटसुद्धा उरेना. बॅलन्स नाही, सर्क्युलेशन नाही, म्हणजे ये-जा करायला वाट नाही. मी वर्गात नुकतीच शहाणी झालेले. खोडरबर फिरवला, झोपाळा गेला, खिडकीखाली बैठक आली.

आता खरी गोम ऐक. दहा फुटी खोलीत उभं राहिलं तर सगळी खोली नजरेत मावतच नाही. नजरेचा कोन साठ अंशांच्या पुढे नेला की चित्राच्या कडा ताणल्या जातात, खुर्ची रबराची दिसते. म्हणून इंटिरिअरवाले एक भिंत मनातल्या मनात पाडतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात. मी नऊ फूट बाहेर गेले. शमे, हिशेब कर, मी नेनेकाकूंच्या ओट्यावर बसून आमची खोली काढलीय! शिवाय क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, चार फुटांवर घेतली, त्याने छत उंच वाटतं. जमिनीला टू-बीने चकाकी दिली. माजघर कसलं, दरबार हॉल झाला.

मार्क बरे पडले. सरांनी लाल पेनाने एवढंच लिहिलं, ‘एम्फसिस कुठे आहे?’ म्हणजे नजर खिळावी असं काय आहे? तेव्हा रागच आला होता.

बाबा शीट हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होते. “एवढी मोठी आहे आपली खोली?” तेव्हाच सांगायचं होतं, की बाबा, नाहीये. पण कौतुक ऐकलं की माझं मांजर होतं, तुला माहीत आहे. दोन दिवसांत मिस्त्री येऊन तुळईच्या कड्या ठोकून बघून गेला. “थई जशे, बेन.” होऊन जाईल म्हणे.

मला वाटलं, आजी हाणून पाडेल. ती म्हणाली, “काढा हो, कड्या कुरकुरतात, झोप मोडते.” एवढं म्हणून शेंगा सोलायला लागली. त्या कुरकुरीशिवाय दुपारी तिचा डोळा लागत नाही हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आपण दोघी पायाने झोका देत बसायचो ती झोपेपर्यंत. (तुझा दात तू स्वतः पाडून घेतलास. मी ढकललं नव्हतं. अकरा वर्षांनी पुन्हा सांगतेय.)

राजवाड्याची ती गोष्ट तू मला गच्चीवर सांगायचीस ना, त्याच्या पहिल्या आर्किटेक्टची, मेजर मँटची? आपले हिशेब चुकलेत, बांधलेलं सगळं कोसळणार, या धास्तीत तो १८८१ मध्ये गेला म्हणतात. पुढे चिशोमने लक्ष्मी विलास पुरा केला, १८९० मध्ये, आणि तो अजून उभा आहे. माझं उलटं झालंय. माझे हिशेब एकूण एक बरोबर आहेत.

तीन रात्री नवी शीट काढतेय. या वेळी झोपाळ्यावर बसून, पायाने जमीन धरून. न्यायमंदिरासमोर सरांनी शिकवलं होतं, हात ताठ ठेवून पेन्सिलीने माप घ्या, कोपर वाकलं की माप बदलतं. इथे कोपर सांभाळते तर झोपाळा हलतो. या जागेवरून स्वयंपाकघराचं दार, अर्धी खिडकी आणि देव्हाऱ्याचा कोपरा एवढंच दिसतं. शनिवारी बाबांना दाखवणार. बहुतेक.

स्केलसाठी चित्रात माणूस लागतो. आपला झोपाळ्यावरचा फोटो, तू दात पडल्यावर रडतेस तो, असेल तर शनिवारच्या आत मोबाइलवर पाठव.

तुझी इंटर्नशिप लागली का? पुण्यात पाऊस फार आहे म्हणे. त्या मुलाचं काय झालं ते फोनवर सांग.

तुझी,
केतकी

ता. क. नववीत नेलेला माझा गुण्या अजून तुझ्याकडेच आहे. शनिवारी हे पत्र तुला मिळालेलं नसेल हे आत्ता लक्षात आलं. फोटोसाठी फोनच करते. गुण्या मात्र पोस्टाने पाठव.