राज्याच्या नावाने दावा लावतो कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जन्माने मिळणाऱ्या अमेरिकी नागरिकत्वाच्या वादाच्या बातम्या आपल्याकडे ठळक छापल्या जातात, आणि ते साहजिकच आहे. आई एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर आणि वडील ना नागरिक ना ग्रीन कार्डधारक, अशा जोडप्याचे तिथे जन्मलेले मूल नागरिक मानू नये, असा २० जानेवारी २०२५ चा अध्यक्षीय आदेश होता. त्याचा थेट फटका कितीतरी मराठी घरांना बसणार होता. बातम्यांत मात्र ‘काही राज्ये न्यायालयात गेली’ एवढ्यावर विषय आटोपतो. राज्य न्यायालयात जाते म्हणजे कोण जाते, हे कोणी सांगत नाही.

जातो तो राज्याचा मुख्य कायदा अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. पन्नासपैकी ४३ राज्यांत त्याला मतदार थेट निवडून देतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडते, आणि टेनेसीत चक्क राज्याचे सर्वोच्च न्यायालय, तेही आठ वर्षांसाठी. आपला महाधिवक्ता अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. तोच हिशेब तिकडे लावला की गफलत होते. निवडून आलेल्या अ‍ॅटर्नी जनरलला गव्हर्नर घरी पाठवू शकत नाही, आणि नागरी हक्कांच्या दाव्यासाठी बहुतेक ठिकाणी गव्हर्नरची परवानगीही लागत नाही. सगळे महत्त्व इथे आहे.

नागरिकत्वाचेच प्रकरण पाहा. आदेश निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन, ॲरिझोना, इलिनॉय आणि ओरेगन ही राज्ये सिएटलच्या संघीय न्यायालयात गेली, तर न्यू जर्सीसह १८ राज्ये बोस्टनमध्ये. सिएटलमध्ये २३ जानेवारीला तात्पुरती स्थगिती मिळालीही. ‘आदेश अन्यायकारक आहे’ एवढे म्हणून दावा टिकत नाही, आपले नुकसान दाखवावे लागते. राज्यांनी ते रुपये-पैशांत, म्हणजे डॉलरांत दाखवले. मूल नागरिक नसेल तर त्याच्या उपचारांसाठी मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेचा संघीय वाटा येणार नाही. रुग्णालयात जन्मनोंदणी होतानाच सोशल सिक्युरिटी क्रमांकाची माहिती पाठवण्यासाठी राज्याला मिळणारे पैसेही बुडतील. तपशील रूक्ष आहे, पण दावा उभा राहतो तो अशाच तपशिलावर.

पुढे २७ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, दावेदाराला पूर्ण दिलासा देण्यासाठी लागेल त्यापेक्षा रुंद मनाई हुकूम काढू नयेत, असे बजावले. राज्यांनी त्यावर उत्तर दिले की माणसे राज्ये बदलतात, आज टेक्सासमध्ये जन्मलेले मूल उद्या आमच्या शाळेत येईल, म्हणून देशभराच्या मनाईशिवाय आमचे नुकसान थांबत नाही. जुलैत बोस्टनच्या न्यायाधीशांनी आणि नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले. तरीही जूनच्या त्या निकालानंतर आपले राज्य दाव्यात आहे की नाही, या प्रश्नाला पूर्वीपेक्षा जास्त वजन आले. टेक्सास दाव्यात नव्हते.

दुसरे उदाहरण शिकागोचे. २०१४ मध्ये लक्वान मॅक्डोनाल्ड या १७ वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळ्या घातल्या. संघीय न्याय खात्याने चौकशी करून जानेवारी २०१७ मध्ये पोलीस दलावर कडक अहवाल दिला. आठवडाभरात केंद्रातले सरकार बदलले आणि नव्या न्याय खात्याने अंग काढून घेतले. तेव्हा इलिनॉयच्या निर्वाचित अ‍ॅटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी ऑगस्ट २०१७ मध्ये स्वतः शहरावर दावा लावला. त्यातून झालेला संमती हुकूम, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आणि न्यायालयाच्या देखरेखीखालचा करार, न्यायालयाने ३१ जानेवारी २०१९ रोजी मंजूर केला आणि तो १ मार्चपासून लागू झाला. बळाचा वापर, प्रशिक्षण, तक्रारींची चौकशी, सगळ्यावर स्वतंत्र निरीक्षक. मधल्या काळात न्याय खात्याने न्यायालयात विरोधही नोंदवला, पण दावेदार राज्य असल्याने त्याला दावा मागे घेता येत नव्हता. अंमलबजावणी मात्र रखडली. मुदती चुकत गेल्या आणि २०२२ मध्ये हुकमाची एकूण मुदत पाच वर्षांवरून आठ करावी लागली. दावा जिंकणे सोपे, पोलीस दल हलवणे अवघड.

निवडणूक म्हटली की माणूस चांगलाच येतो, असा भाबडेपणा नको. अलाबामाचे जॉन पॅटरसन निवडूनच आले होते. १९५६ मध्ये त्यांनी याच पदाचा वापर करून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवर राज्यात बंदी आणवली. मग सभासदांची यादी मागण्यात आली, ती दिली नाही म्हणून संघटनेला एक लाख डॉलर दंड झाला. त्या काळी अलाबामात अशी यादी सरकारच्या हाती पडणे म्हणजे सभासदांच्या नोकऱ्या आणि जिवावर बेतणे. ३० जून १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने यादी देण्याची गरज नाही असा एकमताने निकाल दिला. पॅटरसन त्याच वर्षी गव्हर्नरपदी निवडून आले. अलीकडचे पाहायचे तर २५ जून २०१३ ला मतदान हक्क कायद्यातील पूर्वपरवानगीची अट (काही राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेण्याची) निकामी झाली, आणि त्याच दिवशी टेक्सासचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल ग्रेग अ‍ॅबट यांनी रोखलेला मतदार ओळखपत्राचा कायदा तत्काळ लागू होईल असे जाहीर केले.

तलवार दोन्हीकडून कापते, म्हणूनच तिकडच्या मराठी नागरिकांनी या नावावर नीट नजर ठेवावी. मतपत्रिका लांबलचक असते. वरची दोन-तीन मते देऊन खालच्या जागा कोऱ्या सोडणारे बरेच असतात. बहुसंख्य राज्यांत ही निवडणूक दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या सम वर्षात येते, २०२६ हे तसेच वर्ष. उमेदवाराच्या भाषणापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. पोलीस दलाच्या सवयीच्या गैरवर्तनाविरुद्ध दावा लावण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यात आहे का? कॅलिफोर्नियात तो दिवाणी संहितेच्या कलम ५२.३ ने आहे, कोलोरॅडोत २०२० पासून आहे, सगळीकडे नाही. पदावरचा माणूस पुन्हा उभा असेल तर त्याने कोणत्या बहुराज्यीय दाव्यांवर सही केली, हे कार्यालयाच्या प्रसिद्धिपत्रकांत सापडते. आणि नागरी हक्क विभागात वकील किती, हे अर्थसंकल्पात. फौजदारी खटल्याचा अधिकारही गृहीत धरू नये. तो बहुतेक ठिकाणी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, सरकारी वकिलाकडे असतो. जॉर्ज फ्लॉइड प्रकरणात मिनेसोटाचे अ‍ॅटर्नी जनरल कीथ एलिसन यांच्याकडे खटला आला तो गव्हर्नरने सोपवल्यावर.

न्यू जर्सीतल्या मराठी मतदाराला मात्र मतपत्रिकेवर हे नाव दिसणारच नाही. तिथे प्रश्न गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला विचारावा लागतो, आणि ती निवडणूक विषम वर्षी येते: २०२५ नंतर थेट २०२९.

आपला,
एक वाचक, पुणे