गॅरेजवरची फळी

कोल्हापूर, 3 जून

ती. बाबा, ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

गॅरेजच्या दारावरची फळी अखेर काढली. न विचारता काढली, कारण विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "मी आल्यावर बघू." आणि दादाकडून तुम्ही परत यायला दिवाळी उजाडणार.

परवा वळीव तासभर असा काही कोसळला, की दाराच्या डाव्या कोपऱ्यात आतून ओघळ आला. शिडी लावून पेचकस टोचून बघितला. फळी इंचभर जाडीची, आणि पेचकस थेट मागच्या भिंतीला टेकला! वरचा रंग मात्र नवाकोरा.

मला वाटलं वाळवी. सुतारमामांनी एक तुकडा तळहातावर चुरून दाखवला. "ताई, वाळवी असती तर माती दिसली असती की. ह्ये बघा, चौकोनी चौकोनी फुटतंय. पाण्यानं कुजलंय ह्ये."

आता तुमचा जुना वाद. दसऱ्याला तोरणासाठी आई दरवर्षी नवा खिळा ठोकते म्हणून फळी गेली, असं बाबांचं म्हणणं. मी भोकं मोजली, 11 निघाली. त्यांच्याभोवती लाकूड काळं पडलंय, पण टणक आहे. आई, तू सुटलीस.

बाबा, रागावू नका, पण दर दिवाळीला तुम्ही भेगांत पुट्टी भरून ऑइलपेंटचा हात मारायचात ना, तो फक्त पुढून. मागची बाजू आणि वरची कड कोरीच. छज्ज्याखाली पाणी तोडायला खाच नाही, त्यामुळे पाणी आत वळून भिंतीवरून उतरतं आणि फळीच्या मागे शिरतं. पुढून रंगाचे इतके थर, की ते वाळणार कुठून? लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीचं फावतं. डाव्या टोकाला तर करवतीची कापलेली बाजू उघडीच होती, ती नळीसारखी पाणी ओढत राहिली. ओघळाचा डाग मलाही गेल्या पावसाळ्यात दिसला होता. मी तिकडे काणाडोळा केला, हेही लिहून टाकते.

टिंबर मार्केटमधून 9 फुटांची सागाची फळी आणली. दुकानदार कडेचं फिकट लाकूड गळ्यात मारत होता. मामांनी ते बाजूला सारून गाभ्याचीच निवडली. सागाचं नाव असलं तरी ते फिकट लाकूड लवकर कुजतं म्हणे. वरच्या कडेला रंधा मारून बाहेरच्या बाजूला उतार दिला. बसवायच्या आधी सहाही बाजूंना प्रायमर, टोकांना दोनदा. वरून गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी वाकवून तिची मागची कड गिलाव्यात खाच पाडून आत घेतली. खाली चौकटीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडलीय. ती मला बघवेना, बुजवा म्हटलं, तर मामा हसले. "आत गेलेलं पाणी भाईर कुठनं येणार मग?"

छज्ज्याच्या खाचेसाठी गवंडी उद्या येतो म्हणालाय. गवंड्याचा उद्या तुम्हाला माहीतच आहे.

आई, तोरणासाठी भिंतीत दोन हूक बसवून घेतलेत. फळीला आता हातोडी लावायची नाही.

सध्या नुसता प्रायमर आहे. बाबांचा बदामी रंग द्यायचा की तुला हवा तो हिरवा, ते तिकडेच काय ते भांडून रात्री फोनवर सांगा. मृग चार दिवसांवर आलाय.

तुमची,
मनी