पहिला घाणा गेटवाल्यांचा

काकाजी, नमस्कार.

दिल्लीचे पाहुणे प्रचारात बूथवरच्या आम्हा कार्यकर्त्यांना भेटायला तुमच्या हॉटेलात आले, गेले, फोटो सगळीकडे फिरले. त्यातल्या एकाही फोटोत तुम्ही नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत.

आधीच्या सभेवेळचं हॉटेल आठवलं की अजून तोंड कडू होतं. दहाची वेळ म्हणून तिथे साडेनऊलाच पोहे परतून झाकून ठेवले. विमान उशिरा, त्यात वर्धा रोडवर दोन ठिकाणी सत्कार. साडेबाराला झाकण उघडलं तर वरचे पोहे चामट, खालचे वाफेनं गोळा झालेले, आणि तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा, उकळून उकळून आटलेली, खारट. नेत्यांच्या टेबलावर मात्र काजूची बशी! माणसं साठ, बिल शंभर प्लेटांचं, वर 'नगदीच द्या'. अहो, अख्ख्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चातून एका माणसाला १० हजारांच्या वर नगदी देता येत नाही. आणि लोकसभेच्या उमेदवाराच्या ९५ लाखांच्या खर्चमर्यादेत न खाल्लेल्या चाळीस प्लेटा कोण बसवणार?

तुमच्याकडे हरभरा रात्रीच भिजलेला, तर्री सकाळीच तयार. पोहे मात्र कोरडेच. जाडे पोहे, ६ किलो, किलोला दहा प्लेट. विमानतळावरून गाडी निघाल्याचा फोन आला तेव्हा कुठे ते चाळणीत धुवून निथळत ठेवले. दोन-दोन किलोचे तीन घाणे. सहाही किलो एकाच कढईत लोटले की खालचे लागतात नि वरचे कोरडे राहतात, हे तुम्ही पोट्ट्याला ओरडून सांगितलं ते वरच्या हॉलपर्यंत ऐकू आलं.

हॉलची मांडणीही तुमचीच. बारा टेबलं, प्रत्येकाला पाच खुर्च्या, चार माणसं आणि एक खुर्ची रिकामी. पाहुणे एका टेबलावरून उठून दुसऱ्यावर बसत गेले, टेबलाला तीन मिनिटं. चाळीस मिनिटांत बूथवरच्या प्रत्येकाशी बोलणं झालं. एरवी हा सगळा वेळ हार घालण्यात आणि सेल्फीत जातो, आणि मागच्या रांगेतल्या बाईला मतदार यादीतल्या चुका सांगायच्याच राहून जातात.

पण पत्र लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आत अठ्ठेचाळीस, म्हणजे बारा जण बाहेर. गाड्या लावणारे, गेटवरचे, ४२ अंशांच्या उन्हात उभे. सुरक्षावाल्यांनी एकदा दार लावलं की त्यांना आत येता येत नाही, नेता दिसतो तो काचेआडून. पहिला घाणा उतरला तो तुम्ही आत पाठवलाच नाही. दोघांत एक असे सहा डबे भरले, तर्री वेगळ्या वाटीत म्हणजे पोहे भिजायचे नाहीत, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि दार लागायच्या आधी स्वतः गेटवर नेऊन दिले. कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाला वाढायला तर गाव धावतं, काकाजी. उन्हातल्या पोट्ट्याची भूक लक्षात ठेवणारी माणसं या शहरात आहेत म्हणूनच उन्हातान्हात दारोदार हिंडायचं बळ येतं.

बिलही साठाचंच, ५ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला. खाली जेवणाऱ्या रोजच्या गिऱ्हाइकांची एक प्लेट त्यात घुसली नाही. चेक पोचला असेल.

सहाही डबे धुवून कार्यालयात ठेवलेत. एकाचं झाकण सापडत नाहीये, शोधणं चालू आहे. प्रचार थांबला की त्याच संध्याकाळी आणून देतो. काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमचेच,
आतले अठ्ठेचाळीस आणि गेटवरचे बारा